घरातला कोळी: भीती कशी कमी करायची आणि चावलाच तर काय करायचं

मागच्या जुलैत सकाळी सातला ताईचा फोन आला. भाचीच्या मानेवर लालभडक पट्टा उठलाय, त्यात बारीक बारीक फोड, चटका बसल्यासारखी आग होतेय, आणि शेजारच्या काकूंनी बघताक्षणी सांगून टाकलं की कोळी मुतलाय, आता हे पसरत जाणार. पोरगी सातवीत आहे, कोळ्याला आधीपासून घाबरते, आणि हे ऐकल्यावर तिनं तिच्या बेडवर झोपायचंच सोडलं. तीन रात्री आईला चिकटून, दिवा चालू ठेवून झोपली.

चौथ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की यात कोळ्याचा काही संबंधच नाही. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती एक किडा येतो, मोठ्या मुंगीसारखा लांबट, काळे आणि केशरी पट्टे असलेला, इंग्रजी नाव रोव्ह बीटल, हल्ली बातम्यांत त्याला नैरोबी माशी पण म्हणतात. तो चावत नाही, नांगीही मारत नाही, पण मानेवर बसला आणि आपण झोपेत किंवा नकळत हातानं चिरडला की त्याच्या अंगातला पेडेरिन नावाचा रस कातडीला लागतो आणि साधारण एखाद्या दिवसानंतर तिथे भाजल्यासारखा पट्टा उठतो. कोपराच्या घडीत लागला तर घडीच्या दोन्ही बाजूंना सारखाच डाग येतो. एक-दोन आठवड्यांत बरं होतं, काळसर डाग थोडे दिवस राहतो. कोळ्याच्या विष्ठेनं असे फोड येत नाहीत. कमरेला किंवा छातीवर एकाच बाजूनं पट्ट्यासारखे फोड आले आणि आधी दोन-तीन दिवस तिथे ठणकत असेल तर ती बहुतेक नागीण, तो कांजिण्यांचाच जुना विषाणू परत उठलेला असतो, आणि तिचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू केलं तर जास्त उपयोग होतो. म्हणजे कोळी मुतला म्हणून चंदन लावत बसलो तर औषधाचे तेच दिवस हातचे जातात.

मी हे सगळं लिहायला बसले कारण मी स्वतः पस्तिशी ओलांडेपर्यंत बाथरूममध्ये कोळी असला की अंघोळ न करता ऑफिसला गेलेली आहे. तेव्हा ही भीती काय असते ते मला माहितीये, "एवढ्याशा किड्याला काय घाबरतेस" हे वाक्य किती लागतं तेही माहितीये. म्हणून कुणाला हसण्यासाठी हे नाही. आधी घरात कोण राहतं ते बघू, मग चावण्याचं, मग भीतीचं.

भिंतीवर बसलाय तो कोण

सगळ्यात जास्त किंचाळ्या ज्याच्यामुळे निघतात तो म्हणजे भिंतीवर बसणारा मोठा चपटा तपकिरी कोळी, पाय पसरले की जवळजवळ तळहाताएवढा. इंग्रजीत हंट्समन. हा जाळं विणत नाही, दिवसा फोटोफ्रेमच्या मागे, दाराच्या फटीत, मीटरच्या पेटीत चपटा होऊन बसतो आणि रात्री बाहेर पडून झुरळं पकडतो. हो, झुरळं, त्याच्या खाण्यातली मोठी गोष्ट तीच आहे, म्हणूनच तो किचन आणि बाथरूमजवळ दिसतो. मादीच्या पोटाखाली कधीकधी पांढरट चपटी गोल चकती दिसते, ती अंड्यांची पिशवी, ती घेऊनच फिरते, अशा मादीला चपलेनं मारलं आणि पिशवी फुटली तर आतली बारीक पिल्लं घरभर होऊ शकतात. अजून एक, भिंतीवर तासन्‌तास न हलणारा "मेलेला" कोळी दिसला तर बरेचदा ती नुसती कात असते, वाढताना तो जुनं कवच सोडून देतो. आणि खरा मेलेला कोळी असा पाय पसरून राहत नाही, त्याचे पाय आत मुडपलेले असतात, कारण कोळी पाय लांब करतो ते अंगातल्या द्रवाच्या दाबावर, जीव गेला की दाब गेला आणि पाय आपोआप आत वळले.

हंट्समन "अंगावर धावून येतो" असं सगळे सांगतात. तो धावतो हे खरं, आणि भयंकर जोरात धावतो, पण त्याला पळायला अंधारी फट हवी असते, आपण त्याच्या हिशोबात एक मोठं हलणारं काहीतरी, बास. त्या फटीच्या वाटेत आपण उभे असलो की वाटतं आपल्याकडेच आला.

दुसरा म्हणजे छताच्या कोपऱ्यात, बेसिनखाली, माळ्यावर उलटा लटकणारा, अंग तांदळाच्या दाण्याएवढं आणि पाय केसासारखे लांब. आपण जी जळमटं काढतो त्यातली निम्मीअधिक याचीच. हात लावला की अख्खं जाळं गदागदा हलवतो. याच्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर कायम फिरत असतं की जगातला सगळ्यात विषारी कोळी हाच, फक्त त्याचे दात माणसाच्या कातडीत जात नाहीत. खोटं आहे. त्याचं विष माणसाला काही करेल असं कुठे दिसलेलं नाही. उलट तो दुसऱ्या कोळ्यांना पकडून खातो, मोठ्या कोळ्यांनासुद्धा.

तिसरा माझा आवडता, खिडकीच्या गजावर आणि कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर टुणकन उडी मारणारा, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, केसाळ, आणि पुढे दोन मोठे डोळे. आपण बोट हलवलं की हा मान वळवल्यासारखा अख्खा वळून बघतो. डोळे आठ आहेत, पण समोरचे दोन इतके तेज की याला कीटकांच्या जगात तोड नाही. माशा, डास, चिलटं पकडतो. या कुटुंबातली एक जात ठाणे-कल्याण भागात सापडली आणि २०२१ साली तिला नाव दिलं गेलं आयसियस तुकारामी, २६/११ ला कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून. मला हे कळलं त्या दिवसापासून खिडकीतल्या या छोट्या प्राण्यावर चप्पल उचलणं मला जमलेलं नाही, कुणी उचलली तरी मी हात धरते.

बाकी भिंतीवर छोटं पांढरं तंबूसारखं जाळं करून बसणारे बारीक कोळी असतात, ते इतके लहान की लक्षात पण येत नाहीत. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ट्रेकला वाटेत आडवी येणारी मोठाली सोनेरी जाळी ज्याची असतात तो जायंट वुड स्पायडर घरातला नाही, दिसायला केवढा तरी, पण जाळं सोडून माणसाच्या मागे लागत नाही.

चावतो का, आणि चावला तर किती वाईट

जगात कोळ्यांच्या ५० हजारांवर जाती नोंदलेल्या आहेत, २०२२ सालीच तो आकडा पार झाला. एक छोटं कुटुंब सोडलं तर जवळजवळ सगळ्यांना विष असतं. इथेच आपण घाबरतो, पण विष असणं वेगळं आणि माणसाला धोका असणं वेगळं. ते विष माशी, झुरळ, नाकतोडा गार करण्यापुरतं असतं, माणसावर त्याचा बहुतेक वेळा फार परिणाम होत नाही, आणि कितीतरी जातींचे सुळे आपल्या कातडीतून आत जातच नाहीत. कोळी रक्त पीत नाही. आपण त्याचं खाणं नाही. डास आणि ढेकूण आपल्याला शोधत येतात, कोळ्याला आपल्याकडून काहीही नको असतं. तो चावतो कधी, तर दाबला गेल्यावर. शर्टाच्या बाहीत हात घालताना, बुटात पाय सरकवताना, झोपेत त्याच्यावर कुस बदलताना, किंवा हातानं पकडायला गेलो तर.

ऑस्ट्रेलियात, जिथे खरोखरच जगातले काही सगळ्यात धोकादायक कोळी आहेत, तिथे २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फक्त तेच रुग्ण घेतले ज्यांनी कोळी चावताना बघितला, तो पकडून आणला आणि तज्ज्ञानं ओळखला. असे ७५० जण. बहुतेकांना थोडा वेळ दुखणं, लाली, सूज एवढंच झालं, आणि जे सगळ्यांना वाटत असतं की कोळी चावला की मांस सडत जातं, तसा एकही व्रण त्या ७५० मध्ये सापडला नाही. जास्त त्रास झाला तो मुख्यतः रेडबॅक नावाच्या कोळ्यामुळे, त्यावर तिथे १९५६ पासून औषध आहे. सिडनीच्या फनेलवेबवर १९८१ मध्ये प्रतिविष आलं आणि त्यानंतर त्याच्या चाव्यानं गेल्याची एकही खात्रीची नोंद नाही.

मला याहून जास्त धीर आला तो अमेरिकेतल्या कॅन्सासच्या एका घराची हकीकत वाचून. तिथे ब्राउन रिक्लुज नावाचा कोळी असतो, ज्याचं विष खरंच कधीकधी जखम करतं. एका घरात २००१ साली सहा महिन्यांत हे कोळी मोजून पकडले तर भरले २,०५५. दोन हजार पंचावन्न! चार माणसांचं कुटुंब त्या घरात कितीतरी वर्षं राहत होतं आणि एकालाही कोळी चावून त्रास झाल्याची नोंद नाही. आपल्या बाथरूममध्ये एक हंट्समन असतो.

आता भारतात धोका शून्यच आहे असं मी म्हणणार नाही. ब्लॅक विडोच्या कुळातले कोळी आपल्याकडे आहेत, चकचकीत काळे, पोटावर लाल खूण, पण ते दगडांखाली, झुडपात, शेताच्या बांधाला, फ्लॅटच्या हॉलमध्ये नाही. रिक्लुजच्या कुळातली एक जात भारतातही नोंदली गेलीये. आणि सह्याद्रीत टॅरंटुला आहेत, झाडांच्या ढोलीत राहणारे रंगीत आणि मातीच्या दरडीत बिळं करणारे, जंगलाला लागून असलेल्या घरात कधी आत येतात. ढोलीत राहणाऱ्या जातींच्या चाव्यानं बरेच दिवस स्नायूंत पेटके येऊ शकतात, हे खरंच त्रासाचं आहे, त्यामुळे टॅरंटुलाला हात लावायचा नाही, व्हिडिओसाठी तर अजिबात नाही.

२०१२ साली आसामच्या सदियामध्ये कोळी चावून माणसं मेल्याच्या बातम्या देशभर झाल्या होत्या, लोक रात्री जागून पहारा देत होते. ते मृत्यू कोळ्याच्या विषानंच झाले असं सिद्ध झालं नाही. पण डॉक्टरांनी एक गोष्ट तेव्हा सांगितली होती, ती माझ्या डोक्यातून जात नाही, की लोक आधी मांत्रिकाकडे गेले होते आणि तिथे जखमा ब्लेडनं चिरल्या होत्या. घाणेरड्या ब्लेडनं चिरलेली जखम कुठल्याही कोळ्यापेक्षा वाईट.

"कोळी चावला असेल" हे म्हणण्याआधी

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं इथे आहे, बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचा. कोळी चावताना बघितला नसेल तर तो कोळी नाही असं धरून चाला. "दोन बारीक टोचे दिसतायत म्हणजे कोळीच" यालाही अर्थ नाही, डासाचे दोन चावे शेजारी पडले तरी तसंच दिसतं. रांगेनं तीन-चार चावे आणि सकाळी उठल्यावर खाज असेल तर गादीच्या शिवणी आणि बेडचे सांधे बघा, ढेकूण असतील. एकच लाल गरम गाठ, मधे पू, दुखणं वाढत चाललंय, तर ते गळू किंवा जंतुसंसर्ग, आणि घरात शुगर असलेलं कुणी असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

मग अशा तीन गोष्टी ज्या कोळ्याच्या नावावर खपून जातात आणि जीव घेऊ शकतात.

पहिली मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावा इतका बारीक की बरेचदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही सापडत नाही. माणूस म्हणतो काहीतरी किडा-कोळी चावला असेल आणि परत झोपतो. काही तासांनी पोटात दुखायला लागतं, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, मग श्वास. जमिनीवर झोपलेल्या कुणाला पहाटे यातलं काहीही झालं तर चावा दिसो न दिसो, थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात, जिथे सापाचं प्रतिविष आणि व्हेंटिलेटर आहे. भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात असा अंदाज आहे, कोळ्याशी या आकड्याची तुलनाच नाही. पावसाळ्यात मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचली तर मण्यारीपासूनही वाचवते.

दुसरी लाल विंचू. कोकणात, देशावर, सगळीकडे आहे. अंधारात काय चावलं कळलं नाही, पण भयंकर दुखतंय आणि सोबत दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या, छातीत धडधड असेल तर थांबायचं नाही, मूल असेल तर एक मिनिटही नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि त्यामुळे हजारो पोरं वाचली, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. औषध आहे, स्वस्त आहे, फक्त वेळेत पोचायला हवं.

तिसरी स्क्रब टायफस. गवतातल्या अगदी सूक्ष्म गोचिडीसारख्या किड्यांची पिल्लं चावून होणारा ताप, २०१८ साली नागपूर आणि विदर्भात याची मोठी साथ आली होती. चावल्या जागी सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली दिसते, ती दुखत नाही, आणि असते नेमकी काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीपाशी. काळी खपली अधिक ताप अधिक जोरात डोकेदुखी असं असेल आणि शेतात, गवतात जाणं झालं असेल तर डॉक्टरांना खपली दाखवा, स्वतःहून दाखवा कारण कपड्याखाली ती त्यांना दिसणार नाही. डॉक्सिसायक्लिननं हा आजार चांगला बरा होतो, उशीर झाला तर अवघड होतं.

खरंच चावला तर

समजा बघितलंच डोळ्यांनी. आधी साबण आणि वाहत्या पाण्यानं जागा धुवा, हे काम सगळ्यात जास्त उपयोगाचं आहे कारण जंतुसंसर्गाची भीती विषापेक्षा जास्त. हातातली अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा, सूज आली तर अडकतात. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा, परत ठेवा. दुखत असेल तर नेहमीची पॅरासिटामॉल, खाज असेल तर डॉक्टर किंवा केमिस्टला विचारून सेट्रिझिन. पेननं लालीच्या कडेवरून एक रेघ मारून शेजारी वेळ लिहा, हे मला एका नर्सताईंनी शिकवलं आणि मी आता कुठल्याही चाव्याला हेच करते, कारण दोन तासांनी "वाढलंय का गं?" "मला वाटतं वाढलंय" असं टेन्शन घेत बसण्यापेक्षा रेघेच्या बाहेर गेलंय का एवढंच बघायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते आठवत नसेल तर घेऊन टाका.

चुना, हळद, तंबाखू, टूथपेस्ट, चिरणं, तोंडानं ओढणं, वर घट्ट दोरी बांधणं, यातलं काही नाही. आजीला वाईट वाटेल, तिला समजावून सांगा पण लावू नका. कोळी मेलेला असेल तर बरणीत ठेवा, जिवंत असेल तर लांबून फोटो, त्याच्या मागे धावून दुसरा चावा नको.

दवाखान्यात कधी? ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, अंगभर पित्त उठलं तर लगेच १०८ ला फोन, ही अ‍ॅलर्जी आहे आणि ती कुठल्याही किड्यानं होते. दुखणं चावलेल्या जागेवरून वर सरकतंय, पोटाचे किंवा पाठीचे स्नायू आखडतायत, घाम फुटलाय, उलट्या होतायत तरी जा. लाली रेघेबाहेर पसरतेय आणि ताप आलाय, किंवा मधला भाग काळानिळा पडतोय, तरी जा. लहान बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल तर वाट न बघता दाखवून घ्या. नाहीतर एक-दोन दिवसांत उतरतं.

घराबाहेर काढायचा कसा

मारण्यापेक्षा काढणं सोपं आहे, आणि हे भीती असलेल्या माणसाला पटत नाही हे मला माहितीये, पण स्प्रे मारलेला हंट्समन मरायच्या आधी वेड्यासारखा पळतो आणि नेमका सोफ्याखाली जातो, मग अख्खी रात्र जागरण. शिवाय गॅसजवळ तो स्प्रे, घरात मांजर, लहान मूल, कशाला. स्टुलावर चढून चपलेनं मारायला जाऊन पडलेली माणसं मी ओळखते, कोळी चावून दवाखान्यात गेलेलं एकही ओळखत नाही.

एक पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या, मिठाईवाला देतो तसला, तोंड रुंद हवं. आणि एक जाड कार्ड, लग्नपत्रिका एकदम बेस्ट, गुळगुळीत आणि कडक. कोळी सपाट भिंतीवर स्वस्थ बसलेला असताना हळूच समोरून डबा आणायचा, झडप घालायची नाही कारण हवेचा झोत त्याच्या पायांवरच्या केसांना लगेच कळतो, शेवटचे चार इंच मात्र न थांबता टेकवायचा. पाय कडेखाली आला का बघा, आला असेल तर किंचित सैल करा, तो ओढून घेतो. मग भिंत आणि डब्यामधून पत्रिका सरकवायची, दाबून धरायची आणि बाहेर झाडाच्या बुंध्याशी, जिन्याच्या कोपऱ्यात, कुंड्यांपाशी उघडायची. डबा जमिनीवर आडवा ठेवून, झाकण काढून मागे व्हा, तो त्याचा जातो. आमच्याकडे डबा आणि पत्रिका दोन्ही बाथरूमच्या दाराबाहेर खुंटीला पिशवीत कायम असतात, ऐनवेळी शोधाशोध करताना भीती दुप्पट होते म्हणून.

परत येऊ नये म्हणून करायचं ते एवढंच की त्याचं खाणं कमी करा. किचन ओट्याखालची झुरळं गेली की हंट्समन आपोआप कमी होतो. संध्याकाळी बाहेरचा दिवा रात्रभर जळत ठेवला की किडे येतात आणि त्यांच्या मागे कोळी. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी, एक्झॉस्टला जाळी. जळमटं दिवाळीपर्यंत साठवू नका, लांब दांड्याचा झाडू आठवड्यातून एकदा कोपऱ्यांतून फिरवा, डोक्याला फडकं आणि डोळ्याला चष्मा लावून, कारण डोळ्यात जातो तो कोळी नसतो, धूळ असते. पावसाळ्यात रेनकोट, हेल्मेट, बूट, गॅलरीतले टॉवेल झटकल्याशिवाय अंगाला लावायचे नाहीत, ही सवय कोळ्यापेक्षा विंचवासाठी जास्त लाखमोलाची आहे. आणि गाडी चालवताना कोळी दिसला तर इंडिकेटर देऊन बाजूला घ्या, मग काय ते किंचाळा. खरा अपघात तिथे होतो.

आणि भीतीचं काय

हे सगळं वाचून डोक्याला पटतं, पण भिंतीवर तो दिसला की छाती धडधडतेच. त्याचं कारण असं की दरवेळी आपण पळून जातो, पळाल्यावर लगेच बरं वाटतं, आणि मेंदू शिकतो की वाचलो ते पळालो म्हणून. थांबलो असतो तरी काही झालं नसतं हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही. म्हणून उपाय एकच, थोडं थोडं थांबायचं, स्वतःच्या मर्जीनं.

मी कसं केलं ते सांगते. कागदावर पायऱ्या लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे भीतीला दहापैकी मार्क दिले. कोळी हा शब्द लिहिणं, दोन. बारीक चित्र काढणं, तीन. मोबाइलवर उडी मारणाऱ्या कोळ्याचा फोटो, चार. हंट्समनचा फोटो, सहा. व्हिडिओ, सात. काढून टाकलेली कात कागदावर घेऊन बघणं, सात. बरणीतला छोटा जिवंत कोळी तीन हातांवरून, मग एक हातावरून, मग बरणी हातात, आठ-नऊ. भिंतीवरचा मोठा स्वतः डब्यात घेणं, दहा. एकेका पायरीवर तोपर्यंत थांबायचं जोपर्यंत मार्क निम्म्यावर येत नाहीत. फोटोला मला पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागली, हात घामानं ओले झाले, रडू पण आलं, आणि मग अचानक कंटाळा आला. तो कंटाळा आला की समजायचं पायरी झाली. दुसऱ्या दिवशी परत तीच पायरी, मग पुढची. मधे चार दिवस सोडून दिलं तर एक पायरी खालून सुरू करायचं, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही. मला दहाव्या मार्कापर्यंत जायला अडीच महिने लागले.

श्वास रोखून, डोळे अर्धे मिटून बघू नका, तो पळच आहे, फक्त जागेवरचा. बघायचं ते नीट, नाव ठेवून बघायचं, पाय किती, डोळे कुठे, रंग कसा.

शंभरात साधारण तीन ते सहा जणांना ही भीती फोबिया म्हणावी इतकी असते असा अंदाज आहे, त्यामुळे यात लाजण्यासारखं काही नाही. खोली सोडणं, गावाला जाणं टाळणं, झोप उडणं इथपर्यंत गेलं असेल तर एकट्यानं करू नका. स्वीडनचे लार्स-योरान ऑस्ट यांनी १९८९ साली दाखवून दिलं की नीट शिकलेल्या थेरपिस्टसोबत जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीत अशी भीती बऱ्याच लोकांची खूप कमी होते, हेच पायऱ्यांचं काम, पण सोबतीनं. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे करतात, आणि कुठे जायचं ते कळत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

घरातल्यांनी काय करायचं नाही ते पण सांगते. गंमत म्हणून अंगावर टाकायचा नाही, प्लॅस्टिकचा सुद्धा नाही, त्या एका गमतीनं माझी वीस वर्षं गेली. मुलांना "जेव नाहीतर कोळी येईल" म्हणायचं नाही. आणि मुलांसमोर कोळी दिसला आणि तुम्हालाच भीती वाटली तर खोटं हसू नका, "मला जरा भीती वाटते पण तो काही करणार नाही, थांब डबा आणते" असं म्हणा, मुलं आपल्या तोंडाकडे बघूनच ठरवतात की घाबरायचं का.

भाचीला मी तिच्या परीक्षा झाल्यावर आठ दिवस आमच्याकडे ठेवून घेतलं. पहिले दोन दिवस नुसती चित्रं काढली. तिसऱ्या दिवशी आम्ही खिडकीच्या गजावरच्या त्या छोट्या उडी मारणाऱ्याला बघत बसलो, मी लांब आणि ती अजून लांब, त्यानं एक चिलट धरलं तेव्हा ती न कळत दोन पावलं पुढे आली. ओंबळेंची गोष्ट सांगितल्यावर तिनं त्याचं नाव तुकाराम ठेवलं. हंट्समनपर्यंत ती अजून पोचलेली नाही, तिच्या कागदावर तो दहा मार्कांवरच आहे, फोटो मात्र आता चारवर आलाय. तिच्या बेडवर ती परत झोपते, मच्छरदाणी लावून.